पहिल्या दिवसाची पेटी

कुवेतमध्ये मी एकच काम केलं. जाणाऱ्या माणसांचं सामान बांधलं. येणाऱ्यांचं सोडायलाही जायचो, पण ते कमी. इथं माणूस दोन बॅगा घेऊन येतो आणि जाताना त्याचा कंटेनर भरतो. कशाने भरतो ते त्यालाही सांगता येत नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जोशीसाहेब मागे लागले. ते पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनीअर. मी म्हटलं, साहेब, मी चौथीपर्यंत शिकलो, माझं अक्षर बघून मास्तर पाटी लपवायचे. ते म्हणाले, तुम्ही लिहा, ऱ्हस्वदीर्घ मी बघतो. म्हणजे यात शुद्ध असेल ते त्यांचं. चुकीचं बोललो असेन ते माझं, आणि ते त्यांनी बदलू नये असं मी सांगून ठेवलं आहे.

मी जातीचा सुतार, राजापूरच्या खाली समुद्राकडचा. बाप होड्या करायचा. होड्यांचं काम संपलं तेव्हा मी मुंबईला गेलो आणि तिथून इथं आलो. अर्दियाला गोदामं आहेत, त्यातल्या एका शिफ्टिंग कंपनीत लागलो तो अजून तिथंच आहे. अरब लोक सुताराला नज्जार म्हणतात. आपले लोक मेस्त्री म्हणतात. माझं खरं नाव फक्त अकाम्यावर आहे. अकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. तो संपला की माणूस संपला, असं आम्ही म्हणतो.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं खोक्यात वस्तू घातली, टेप मारली, झालं. तसं नाही. जहाजावर माल पुढे-मागे हलतो, बाजूला हलतो, आणि वर-खाली आपटतो. जी वस्तू पेटीत हलते ती फुटते. म्हणून आमचं सगळं शास्त्र एवढंच, की आत काही हलता कामा नये. पेटीचं लाकूड भट्टीत तापवून शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर कीड आहे म्हणून बंदरावर अडवतात. ताटल्या उभ्या भरायच्या, आडव्या भरल्या तर खालची जाते. कप नेहमी जोडीने बांधायचा, कान उलट्या बाजूला करून, एकमेकाला टेकवून. एकटा कप कितीही कागद गुंडाळा, हलतोच. नवीन पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो आणि ते पहिल्या आठवड्यात विसरतात.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. नाशिकच्या एका इंजिनीअरच्या बायकोने पाटा-वरवंटा आणला होता. तेवीस मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये राहून तिने तो एकदाही वापरला नाही, खालचे लोक तक्रार करतील म्हणून. जाताना तोच परत न्यायचा होता. नवरा म्हणाला, वजन बघा. ती म्हणाली, वजन बघायचं असतं तर तुमची पुस्तकं इथंच टाकली असती. मी पाट्याला स्वतंत्र क्रेट केलं. एका कुवेती म्हाताऱ्याचा मुलगा विलायतेत शिकायला होता. त्याच्यासाठी त्यांनी कॉफीची पितळी भांडी पाठवायला काढली. मी विचारलं, पलंग, टेबल काही पाठवायचं नाही का. म्हातारा म्हणाला, पाहुणा आला तर त्याला पलंग दाखवायचा का. त्या माणसाशी माझं जमलं, कारण माझी पहिली पेटी त्याला न सांगता कळली होती.

पहिली पेटी ही माझी पद्धत. कंपनीची नाही. कंटेनर भरून झाला की अगदी शेवटी, दाराशी, मी एक छोटी पेटी ठेवतो. शेवटी आत गेलेली वस्तू पहिली बाहेर येते. तिच्यात चहा, साखर, किटली, दोन कप, एक चादर, काडेपेटीऐवजी लायटर आणि एक स्क्रूड्रायव्हर. माणूस नव्या घरात पोचतो, सगळी खोकी बंद असतात, आणि तेव्हा भांडणं होतात. चहा मिळाला तर निम्मी होत नाहीत.

ही पद्धत माझ्या बायकोची, आनंदीची. आम्ही तिघे भाऊ एका चुलीवर होतो. मी मुंबईहून पगार पाठवायचा आणि तो घरात जायचा. कौलं कधी बदलायची, बैल विकायचा की ठेवायचा, सगळं थोरला ठरवायचा. मला वाटायला लागलं, पैसा माझा आणि हुकूम त्याचा. मी म्हटलं, वेगळं होऊ. आनंदी म्हणाली, वेगळं होऊ, पण विहीर कोणाची? मी म्हटलं, विहिरीचं बघू नंतर.  निघायच्या दिवशी तिने एक गाठोडं शेवटपर्यंत बांधलं नव्हतं. चहा, गूळ, मीठ, काडेपेटी, दोन कप. म्हणाली, पोचल्यावर पहिलं हे सोडायचं, बाकी उद्या. नव्या खोपटात तिने तीन दगड मांडले आणि चहा केला. पाणी मात्र कळशीभरच होतं. थोरल्याने दुसऱ्या दिवशी पायवाटेवर काटे टाकले. मग आनंदी पुष्कळ वर्षं वळसा घालून दुसऱ्या वाडीतून पाणी आणत होती.

हे घरचं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढे जे सांगतो त्याच्याशी ते जोडलेलं आहे.

एका इंग्रज साहेबाचं सामान मी दोनदा हलवलं. नाव काही का असेना, आपण त्याला बिलसाहेब म्हणू. तेल कंपनीत सेफ्टीचा मोठा माणूस. बायको पोर्तुगालची, लुसियाबाई. त्या लहान मुलांना पियानो शिकवायच्या. पहिल्यांदा त्यांना बनेद अल-गारच्या फ्लॅटमधून अबू हलीफाला समुद्रासमोर जायचं होतं. तो उन्हाळा साहेबाच्या देशातल्या मतदानाचा. युरोपातल्या देशांची जी युनियन आहे, तिच्यात राहायचं की बाहेर पडायचं, यावर तिकडे मत घेणार होते. टीव्ही आम्ही सर्वात शेवटी बांधला, कारण साहेब तो बंद करू देईना.

बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, तुला काय म्हणून हाक मारायची. मी म्हटलं, मेस्त्री. त्या हसायला लागल्या. त्यांच्या गावीही कारागिराला तसंच काहीतरी म्हणतात. मग चावी, पाव, बटाटा, पगार असे शब्द निघाले, ते त्यांचेच. आमच्या बाजूला गोवा जवळ, त्यामुळे आले असणार. साहेब म्हणाला, बघ, तुझ्या लोकांनी त्यांना पगार दिला. बाई म्हणाल्या, शब्द दिला, पैसे तुम्ही लोकांनी नेले. असं त्यांचं चालायचं. आमचं तिघांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि साहेबाच्या साइटवरच्या हिंदीत. इथं मी ते सरळ मराठीत लिहितो.

साहेबाचं म्हणणं असं. आमचा पैसा दर वर्षी त्या युनियनच्या पेटीत जातो आणि तो कुठे खर्चायचा ते दुसरेच ठरवतात. कायदे आमच्या पार्लमेंटबाहेर होतात. त्याचा बाप उत्तरेकडच्या एका बंदरात मासेमारी करायचा. आमच्या समुद्रात दुसऱ्या देशांच्या बोटी येतात आणि आमच्या माणसाने किती मासे धरायचे ते परके सांगतात, म्हणून बापाने बोट विकली, असं तो म्हणायचा. हे मला पटलं. आमच्याकडेही बाहेरचे मोठे ट्रॉलर रात्रीचे येऊन समुद्र खरवडून जातात आणि आमचे खारवी किनाऱ्यावरून दिवे बघत बसतात. मी तसं बोललो तर साहेब बाईंना म्हणाला, बघ, मेस्त्रीला कळतं.

बाईंनी विचारलं, धरलेले मासे विकतोस कुठे? तुमच्या लोकांना ते खायला नको असतात. ते आमच्याकडे येतात, जकात नाही म्हणून सकाळचे दुपारी पोचतात. बंदरावर दोन दिवस थांबले तर कोण घेईल? साहेब म्हणाला, करार होईल. बाई म्हणाल्या, होईल, पण तोपर्यंत मासे थांबतील का? गाडीच्या कारखान्यांचंही त्या सांगत होत्या, एक भाग एका देशात आणि दुसरा दुसऱ्यात होतो म्हणून. आयर्लंडच्या हद्दीचंही काही होतं. ते मला नीट कळलं नाही. नंतर टीव्हीवर बघितलं तर त्यांनाही कळलं नव्हतं असं दिसलं.

मग साहेब म्हणाला, आमच्याकडे पोलंडचे सुतार येतात, कमी पैशात काम करतात, आमच्या सुताराला काम उरत नाही.

मी पियानोच्या पायाला पट्टी मारत होतो. थांबलो. म्हटलं, "साहेब, मी इथं काय करतोय मग?"

"तुझं वेगळं," तो म्हणाला. "तू परत जाणार आहेस."

"तो पोलंडवालाही जाणार असेल."

"त्याला जावं लागत नाही. तुला लागतं. हाच तर फरक आहे."

बाई किचनमधून म्हणाल्या, "बिल, त्याच्या हातात हातोडी आहे हे लक्षात ठेव."

आम्ही सगळे हसलो. पण ते बोलणं माझ्या मनात राहिलं, कारण ते खरं होतं. खोटं असतं तर राग आला असता.

मी त्याला आमच्या चुलीचं सांगितलं. वेगळं झालो, हुकूम गेला, विहीर गेली. त्याने विचारलं, मग काय केलंस. म्हटलं, दुसरी विहीर खणली. लागलं पाणी? म्हटलं, कातळ लागला. साहेब म्हणाला, आम्हाला पाणी लागेल. त्याने टपालाने मत दिलं, बाहेर पडा म्हणून. बाईंना मत नव्हतं.

आमच्या ट्रकवरही यावर चर्चा झाली. आमचा ड्रायव्हर महमूद मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. तो म्हणाला, आमचा देश आणि सीरिया एकदा एक झाले होते, माझ्या बापाने तेव्हा मिठाई वाटली, मिठाई पचायच्या आत वेगळे झाले. माझ्या जोडीला कुडाळचा बाबल होता. तो म्हणाला, "गोऱ्यांचा काय ता गोऱ्यांका बघूंदेत, अण्णानू. पौंड पडलो तर आमका काय?" पौंड पडला खरा. दिनारात पगार घेणाऱ्या साहेबाला त्याचा फायदाच झाला असणार. मला त्याचं काही मिळालं नाही, एवढं बाबलला सांगितलं.

संध्याकाळी रूमवर आलो की आनंदीचा फोन असायचा. तिला मी ही सगळी माणसं सांगायचो. तिला कुवेत त्यावरूनच माहीत. ती इथं कधी आली नाही. बायकोला आणायला ठराविक पगार लागतो, तेवढा माझा कधी झाला नाही. ती म्हणाली, साहेब कुठे राहणार म्हातारपणी? मी म्हटलं, पोर्तुगालला समुद्रावर घर घेतलंय, सहा महिने तिथे, सहा महिने इंग्लंडला. ती म्हणाली, मग तो कशातून बाहेर पडला?

दुसऱ्यांदा त्यांचा निरोप आला तेव्हा बरंच झालं होतं. देश बाहेर पडून गेला होता. करोनाही येऊन गेला होता. साहेबाची नोकरी संपली होती. आमच्या ऑफिसने मला कागद दिला, त्यावर पोचायचा पत्ता दोन ठिकाणचा. मला वाटलं टायपिंगची चूक.

अबू हलीफाच्या फ्लॅटमध्ये गेलो तर प्रत्येक वस्तूला गोल चिकटी लावलेली, लाल आणि हिरवी. लाल इंग्लंडला, हिरवी पोर्तुगालला. पियानो हिरवा. साहेबाची खुर्ची लाल. एका कपाटाला दोन्ही रंग होते. त्यावरून सकाळी वाद झाला असं बाईंनीच सांगितलं. टीव्ही बंद होता.

मी कपाटाचे स्क्रू काढत असताना हळूहळू कळलं. पूर्वी साहेब पोर्तुगालला आपल्या घरी जावं तसा जायचा आणि हवं तितकं राहायचा. आता पाव्हण्यासारखे थोडे महिने, त्याहून जास्त राहायचं तर परवाना काढायचा. बायको तिथली, त्यामुळे मिळणार नक्की. फक्त अर्ज करायचा, रांगेत उभं राहायचं, बोटांचे ठसे द्यायचे. बाईंनाही इंग्लंडात राहायचं तर तसंच. साहेब म्हणत होता, ज्या घराला मी स्वतः रंग दिला तिथे राहायला मी परवानगी मागणार नाही. बाई म्हणत होत्या, मग तुझ्या गावी मी मागू? मत कोणी दिलं? आणि दोघंही मागणार नव्हती. तो इंग्लंडला, ती पोर्तुगालला, आणि मधून मधून पाव्हणे, असं ठरलं होतं. म्हातारपणी.

मी म्हटलं, "म्हणजे साहेबाला आता अकामा लागणार."

बाई मोठ्याने हसल्या. साहेब हसला नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ गेलो. आमच्या कामात गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत बोलायचं नसतं. सुपरवायझरने ऐकलं असतं तर मला झापलं असतं, आणि बरोबर केलं असतं. पण बाबल सोडला तर कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, माझी बायको इथे एकदाही आली नाही. माझ्या पगारावर तिला परवाना नाही. मी मागितला होता. नाही म्हणाले. तुम्हाला द्यायला तयार आहेत."

तो समुद्राकडे बघत होता. "तू दर वेळी रांगेत उभा राहतोस," तो म्हणाला. "तुला कसं वाटतं?"

"वाईट वाटतं. पाय दुखतात. मग घरी जाऊन जेवतो."

  इतकंच बोलता येतं.

दुपारी काचेचं सामान घेतलं. बाई चहाचा सेट वाटत होत्या. तीन कप लाल खोक्यात, तीन हिरव्या. मी म्हटलं, बाई, तीन-तीन नका करू. एकाला जोडी राहत नाही आणि एकटा कप हलतो. मग दोन एकीकडे, चार एकीकडे करा. त्यांनी मला विचारलं, "मग दोन कुठे?" मी म्हटलं, ते दोन मी बाजूला ठेवतो, पहिल्या पेटीत लागतात. बनेद अल-गारहून येताना ही पेटी त्यांनी पाहिली होती. इथं पोचल्यावर तिच्यातलाच चहा दोघांनी खोक्यावर बसून प्यायला होता, मलाही दिला होता.

पेटी मी केली, पण एकच केली. दोन करता आल्या असत्या. लाकूड होतं, वेळही होता. बाबल म्हणाला, अण्णानू, दोन घरां, दोन पेट्ये. मी म्हटलं, तू टेप मार.

खाली महमूदने दोन गाड्या लावल्या होत्या. सगळं चढलं. शेवटी मी पेटी घेऊन उभा राहिलो. तिला चिकटी नव्हती. मी विचारलं, ही कुठे? साहेब म्हणाला, लाल. बाई म्हणाल्या, हिरवी. एकदमच म्हणाले.  महमूदने हॉर्न मारला. मी हलायला तयार नव्हतो. माझी कंबर तेव्हाही चांगली नव्हती, पण पेटी खाली ठेवली असती तर कोणीच काही ठरवलं नसतं.

साहेबाने माझ्या हातातून ती घेतली. जड होती, तरी बाबलला हात लावू दिला नाही. हिरव्या गाडीकडे गेला आणि दाराशी ठेवली, मी ठेवतो तशीच.

"तिला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो," तो म्हणाला. "मी कुठेही पितो."

बाईंनी विचारलं, "कप?"

"दोन्ही आत आहेत," मी म्हटलं.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो गाडीचं दार लावत होता, त्याला ते लागेना, मग महमूदने लावलं. एवढंच झालं. पुढे त्याने परवाना काढला की नाही, मला माहीत नाही. आमच्या धंद्यात शेवट कळत नाही. माल पोचल्याची सही येते, माणसं पोचल्याची येत नाही.

संध्याकाळी आनंदीने पहिलं तेच विचारलं, पेटी कुठे गेली. सांगितलं. ती म्हणाली, मग जाईल तो. मी म्हटलं, तुला काय माहीत, गोऱ्यांचं डोकं वेगळं. ती म्हणाली, ज्याने आपला कप तिच्या गाडीत ठेवला तो चहा प्यायला जाणार नाही तर कुठे जाईल. तिचं असंच असायचं. ती वाद घालायची नाही, निकाल द्यायची.

आनंदी गेली त्याला ही दुसरी दिवाळी. मी इथं होतो. विमान मिळालं, पण मी पोचलो तोपर्यंत सगळं उरकलं होतं. थोरल्याच्या मुलांनी केलं. आंघोळ घालायला पाणी त्या जुन्या विहिरीचं आणलं होतं, काटे कधीचे काढले होते, मलाच माहीत नव्हतं. वहिनी म्हणाली, ती अलीकडे तिथूनच पाणी न्यायची, आम्ही गप्पा मारायचो. मला तिने फोनवर हे कधी सांगितलं नाही. मी थोरल्याशी बोलत नव्हतो, म्हणून सांगितलं नसेल. दोन चुलींच्या मधली वाट तिने आपली आपण उघडली होती आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नव्हती.

कंपनीने आता सांगितलं आहे, साठी उलटली, शिक्षण नाही, यंदा अकामा संपला की नवा नको. ठीक आहे. इतक्या लोकांचं बांधलं, आता माझं. माझा कंटेनर होत नाही, सहा खोकी झाली. हत्यारं, कपडे, एक मिक्सर, थोरल्याच्या नातवंडांना चॉकलेट. बाबल म्हणाला, अण्णानू, तुमची पहिली पेटी मी करतंय. मी म्हटलं, ती कोणाला करू देत नाही.

काल केली. चहा, साखर, छोटी किटली, चादर, लायटर, स्क्रूड्रायव्हर. कप काढले तेव्हा जरा थांबलो. घरी आता चहा पिणारा मी एकटाच आहे. बाबल बघत होता.

दोन टाकले. कान उलट्या बाजूला करून, एकमेकाला टेकवून. एकटा कप हलतो.